दोन ऑस्टिन सेव्हन, एक दिवस, एकच रस्ता : जुन्या ब्रिटिश गाड्यांची तुलना कशी करावी

बर्मिंगहॅमला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी विक्रीची एक जाहिरात वाचली : ‘ऑस्टिन सेव्हन, १९६०.’ मला वाटलं छपाईची चूक असणार. ऑस्टिन सेव्हन म्हणजे उंच टाचेच्या बुटासारखी दिसणारी, सायकलसारख्या बारीक चाकांची, दोन महायुद्धांमधली गाडी. ती १९३९ सालीच बंद झाली होती. १९६०ची कुठून येणार?

चूक माझीच होती. २६ ऑगस्ट १९५९ला जी गाडी आपण आज ‘मिनी’ म्हणून ओळखतो ती बाजारात आली, तेव्हा तिची दोन नावं होती. मॉरिसच्या दुकानात ती ‘मॉरिस मिनी-मायनर’ आणि ऑस्टिनच्या दुकानात ‘ऑस्टिन सेव्हन’. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसं. ते नाव फार टिकलं नाही, १९६२च्या जानेवारीत कंपनीनेच ‘ऑस्टिन मिनी’ करून टाकलं. पण त्या अडीच वर्षांमुळे एक सोय झाली. एकाच नावाच्या, एकाच लाँगब्रिज कारखान्यातल्या, तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराच्या दोन गाड्या शेजारी लावून बघता येतात. जुन्या गाड्यांच्या नादाला नव्याने लागणाऱ्यांना मी नेहमी याच जोडीपासून सुरुवात करायला सांगतो. माझ्याकडे १९६०ची मिनी आहे आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे १९२९ची सेव्हन आहे, ‘चमी’ नावाची उघडी चार-आसनी. खाली लिहिलंय ते याच दोघींवरून.

पायरी १ : आकडे बघायच्या आधी प्रश्न बघा

नवखा माणूस काय करतो? दोन्हींची अश्वशक्ती बघतो, वेग बघतो आणि ‘मिनी जिंकली’ म्हणून मोकळा होतो. १०.५ विरुद्ध ३४ अश्वशक्ती, यात बघायचं काय राहिलं? पण या गाड्या एकमेकींशी स्पर्धा करायला जन्मल्याच नव्हत्या. प्रत्येकीसमोर आपल्या काळाचा एक प्रश्न होता. तो माहीत असला की तिचे निम्मे दोष दोष वाटत नाहीत आणि उरलेले निम्मे नीट दिसू लागतात.

सेव्हनचा प्रश्न होता फटफटी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधला साधा नोकरदार बायको-मुलांना साइडकारमध्ये बसवून पावसात भिजत फिरायचा, कारण मोटार परवडत नव्हती. ऑस्टिन कंपनी त्या वेळी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, १९२१मध्ये कारभार रिसीव्हरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला होता, आणि छोट्या गाडीची कल्पना संचालक मंडळाला मुळीच पसंत नव्हती. म्हणून कंपनीचा संस्थापक हर्बर्ट ऑस्टिनने कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा ड्राफ्ट्समन लिकी ग्रेंज या आपल्या घरी बसवला आणि बिलियर्डच्या खोलीत गाडी आखून घेतली. म्हाताऱ्याच्या मनात दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन होतं. चार छोटे सिलिंडर जास्त गुळगुळीत चालतील आणि स्वस्तातही बसतील हे पोराने पटवून दिलं. गाडी १९२२मध्ये आली. कंपनीचा विरोध असताना आपल्या कल्पना ऑस्टिनने स्वतःच्या नावाने पेटंट करून घेतल्या होत्या, त्यामुळे दर गाडीमागे दोन गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) त्याच्या खिशात जायच्या. १९३९पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या विकल्या गेल्या. करा हिशेब!

मिनीचा प्रश्न होता पेट्रोल. १९५६च्या सुएझ कालव्याच्या प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि रस्त्यावर जर्मन ‘बबल कार’ दिसू लागल्या. अंड्यासारख्या, तीन चाकी, पुढून दार उघडणाऱ्या. बीएमसीचा (ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेल्या कंपनीचा) प्रमुख लिओनार्ड लॉर्ड याला त्यांचा मनस्वी तिटकारा. त्याने अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितलं, यांना रस्त्यावरून हाकलेल अशी खरीखुरी छोटी मोटार काढ, फक्त इंजिन आपल्याकडे आहे तेच वापर. इसिगोनिसने ते इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटात, ऑइलच्या टाकीतच घातला, चाकं दहा इंचांची केली आणि तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली. अशा गाडीला स्प्रिंगांची जागा कुठून आणणार? म्हणून अ‍ॅलेक्स मोल्टन या अभियंत्याने स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू दिले.

वहीत दोन रकाने करा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हा प्रश्न एका ओळीत लिहा. पुढे प्रत्येक निरीक्षण त्या ओळीखाली जाणार आहे.

पायरी २ : एक साधं गणित

हे गणित मला फार आवडतं, म्हणून त्याला वेगळी पायरी.

१९२१पासून ब्रिटनमध्ये गाडीचा रोड टॅक्स अश्वशक्तीवर होता, दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड. पण ही अश्वशक्ती मोजून काढलेली नव्हती, सूत्रातून काढलेली होती : सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. पिस्टन किती लांब खाली-वर जातो याचा त्यात उल्लेखच नाही. मग हुशार माणूस काय करेल? व्यास बारीक ठेवेल आणि पिस्टनची धाव लांब करेल.

१९२३पासूनच्या सेव्हनचं इंजिन ७४७ सीसी. व्यास साधारण ५६ मिलिमीटर, धाव ७६. सूत्रात घाला, पावणेआठच्या आसपास येतं. म्हणून तिला ‘सेव्हन’ म्हणायचे आणि कर आठ पौंड. आता मिनीचं ८४८ सीसी बघा : व्यास ६३, धाव ६८. दोन्ही जवळजवळ सारखे. कारण तो कर १९४८मध्ये गेला आणि सगळ्यांना सरसकट एकच रक्कम लागू झाली. म्हणजे मिनीचं ‘सेव्हन’ हे नाव निव्वळ आठवणीचं होतं, त्या आकड्याला काही अर्थ उरला नव्हता.

कोणत्याही दोन काळांतल्या ब्रिटिश गाड्या घ्या, व्यास आणि धाव यांचं प्रमाण काढा. युद्धाआधीची गाडी उंच आणि सडपातळ इंजिनाची निघेल. तिला फार पळवायचं नसतं, कारण लांब धावेचा पिस्टन जास्त फेऱ्यांना दमतो. मात्र हळू वेगात ती चढावर कुरकुर न करता ओढते. पुढे चालवून बघाल तेव्हा हे पायाला कळेल.

पायरी ३ : साल नक्की करा

‘सेव्हन’ आणि ‘मिनी’ ही घराण्यांची नावं आहेत, गाड्यांची नव्हेत. १९२४ची सेव्हन आणि १९३६ची ‘रुबी’ नावाची सेव्हन यांत पहिलीला तीन गिअर, दुसरीला चार. रुबीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, १९३६पासून तिसरं बेअरिंग आलं, त्याआधी दोनच टोकांवर तो तोललेला असायचा. पेट्रोलची टाकी बोनेटखाली तुमच्या गुडघ्यांपुढे आहे की मागे, यावरूनही काळ कळतो. १९३०च्या आधीच्या गाडीत, म्हणजे आमच्या चमीतही, पायाचा ब्रेक फक्त मागची चाकं धरतो. पुढची चाकं हाताच्या लिव्हरने धरायची. हे आधी माहीत नसलं तर पहिल्याच चौकात माहीत होतं.

मिनीत दारांचे बिजागर बाहेर दिसतात आणि काचा सरकवायच्या असतात तोवर गाडी जुन्या पिढीची. १९६८च्या आधीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खरडता बसवणारी यंत्रणा, नाही. १९६४पासून काही वर्षं रबराच्या शंकूंऐवजी द्रवाने भरलेलं हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन होतं, ते वेगळं प्रकरण. नवख्याने शंकूंचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कुणी ‘कूपर’, म्हणजे मिनीची जास्त वेगवान आवृत्ती, म्हणून विकत असेल तर खांदे उडवून कागद मागा. कूपरने मॉन्टे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७मध्ये जिंकल्यापासून साध्या मिनीला कूपरचा बिल्ला लावणाऱ्यांची कमी नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली ते त्यात असतं. तिथे गेलातच तर ६२१ एओके या नंबरची मिनी बघून या, पहिल्या मिन्यांतली ती.

पायरी ४ : खाली वाका

सोबत घ्यायचं सामान : टॉर्च, जुनी चटई, मऊ फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि दोन मोठे पुठ्ठे. पुठ्ठ्यांचं शेवटी सांगतो.

दोन काळांतला सगळ्यात मोठा फरक इथे, चटईवर पाठ टेकल्यावर दिसतो. सेव्हनला चासी आहे. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी, पुढे निमुळती, मागे पसरलेली. इंजिन, चाकं, पाटे सगळं त्या चासीला, आणि बॉडी वर ठेवलेली. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी गाडी चालते. म्हणूनच युद्धानंतर इंग्लंडमधल्या कितीतरी पोरांनी स्वस्तातली मोडकी सेव्हन घेऊन तिच्यावर आपापली रेसची गाडी बांधली. लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन त्यांतलाच एक. गंमत म्हणजे इसिगोनिसनेही उमेदीच्या वयात सेव्हन खोलून पाहिलेली होती.

मिनीला चासी नाही. पत्र्याची पेटी हीच गाडी. पुढे-मागे दोन सबफ्रेम आहेत, बाकी सगळा भार पत्र्यावर. म्हणून सेव्हनमध्ये गंज हा खर्चाचा प्रश्न असतो आणि मिनीत तो गाडी राहणार की जाणार याचा प्रश्न असतो.

सेव्हनमध्ये बघा : पुढच्या आडव्या पाट्याची पकड, चासीच्या कडांवर तडे, आणि लाकूड. ज्या बॉडीत लाकडाची चौकट आहे तिथे दार उघडून किंचित वर उचला. बिजागराजवळ दार खालीवर झालं तर बिजागर झिजलाय किंवा आतलं लाकूड कुजलंय. लाकडाला बोटाने टोचून बघायला लाजू नका.

मिनीत आधी मागची सबफ्रेम. पाणी, चिखल आणि इंग्लंडच्या रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठ तिथे साठतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. ‘टण्ण’ आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, ‘भद्द’ आला तर पुढे सरकू नका. मग डिकीत बॅटरीखालची पेटी, पुढच्या मडगार्डांचे जोड, जमिनीचे कोपरे. शेवटी सिल, म्हणजे दाराखालची लांब पट्टी.

सिलवर मी ठेच खाल्लेली आहे, म्हणून इथे थांबतो. माझी आधीची मिनी मी एका विक्रेत्याकडून घेतली. चकचकीत निळा रंग, खाली बघितलं तर सिल नव्याकोऱ्या. मी खूश! घरी आणल्यावर दोन महिन्यांत रंगाला फुगे आले. पट्टी कापून बघितली तर आत मूळ सिलचा नुसता भुगा, त्यावर रुंद पत्रा चिकटवून लांबी (पुट्टी) भरलेली आणि वर रंग. सेव्हनवाले म्हातारे आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “मूळ सिल अरुंद असते रे, आणि तिला पाणी बाहेर जायला भोकं असतात. तुझ्या सिलला भोकं कुठायत?” तेव्हापासून मी पहिल्यांदा भोकं शोधतो. आणि लोहचुंबक फिरवतो. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. फक्त एक लक्षात ठेवा : सेव्हनच्या काही बॉड्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, तिथे चुंबक कुठेच चिकटणार नाही. मालकाला चोर ठरवण्याआधी विचारून घ्या.

पायरी ५ : थंड इंजिन चालू करा

अट एकच : तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. बोनेटला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, थांबा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काही लपवत असतं असं नाही, पण लपवायचं असेल तर माणूस हेच करतो.

सेव्हनमध्ये चालू केल्यावर नवख्याच्या पोटात गोळा येतो तो ऑइलच्या दाबामुळे. काटा जेमतेम हलतो. गरम झाल्यावर चार-पाच पौंड. आजच्या गाडीत एवढा दाब दिसला तर इंजिन बंद करून टो व्हॅन बोलवाल. पण इथे हेच बरोबर आहे. या इंजिनात ऑइल दाबाने बेअरिंगमध्ये ढकललं जात नाही. दोन बारीक तोट्यांतून फिरत्या क्रँकशाफ्टवर पिचकारी उडते आणि शाफ्टवरची भोकं ती झेलतात. इंग्रज याला ‘थुंका आणि आशा ठेवा’ अशा अर्थाचं नाव देतात. म्हणून काट्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न : तोट्या शेवटच्या कधी साफ केल्या? इंजिनाच्या बाजूचे बूच काढून तारेने साफ करायच्या असतात. मालकाला हा प्रश्न कळलाच नाही, तर त्याने त्या कधीच साफ केलेल्या नाहीत. दुसरं, पुढच्या पुलीला धरून मागे-पुढे ढकला. क्रँकशाफ्ट हाताला हलतोय असं जाणवलं तर पुढचं बेअरिंग संपलंय. आणि त्या बारीक, दोनच टोकांवर टेकलेल्या शाफ्टला जोरात पळवलं की तो वाकतो, शेवटी मोडतो. आधीच्या मालकाने नवा, जाड शाफ्ट बसवला असेल तर त्याची पावती बघा. ती पावती चकचकीत रंगापेक्षा मोलाची.

मिनीत चोक ओढा, पुढच्या दोन सीटमध्ये जमिनीवर असलेलं स्टार्टरचं बटण दाबा. हे इंजिन आपल्याकडच्या लोकांना अनोळखी वाटायला नको. अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे बीएमसीचं १४८९ सीसी इंजिन होतं, त्याचाच हा धाकटा भाऊ. साध्या मिनीत ऑइलचा काटाच नाही, फक्त दिवा, तो लगेच विझला पाहिजे. इंजिनाच्या पुलीकडच्या टोकातून साखळीचा खडखडाट येतो का, आणि गाडी उतारावर सोडून परत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतो का, ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल पितात, त्यामुळे ऑइल दर तीन हजार मैलांना बदललं नसेल तर दोघांचीही वाट लागते. ‘ऑइल केव्हा बदललं’ हा प्रश्न इथे एकदा नाही, दोनदा विचारायचा.

पायरी ६ : चालवा, पण या क्रमाने

एकच रस्ता, एकच ड्रायव्हर, एकाच दिवशी. आम्ही लाँगब्रिजवरून लिकी हिल्सचा चढ घेतो. ज्या घरात सेव्हन आखली गेली त्याच्या आसपासचाच हा भाग. सेव्हन आधी चालवा. मिनी आधी चालवली तर सेव्हनवर अन्याय होतो.

सेव्हनचा क्लच हा नवख्यांचा वैरी. पेडलची धाव एवढीशी की पाय हलला की क्लच सुटला. गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते. आणि रस्त्याकडेची मंडळी बघत असतात. उपाय सोपा आहे : इंजिन हळू चालू असताना क्लच सावकाश सोडा, गाडी हलेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावूच नका. हलली की मग लावा. हे कळायला मला अर्धा तास आणि म्हाताऱ्यांचे सहा नापसंतीचे उसासे लागले.

गिअर बदलताना डबल क्लच. जुन्या एसटीचे ड्रायव्हर करायचे तसा : क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, खालचा गिअर हवा तर थोडं पेट्रोल द्या, परत क्लच, मग गिअर. चुकलात तर गिअरबॉक्स मोठ्याने सांगतो. चढावर मात्र चमी शहाण्यासारखी वागते, लांब धावेचं ते इंजिन खालच्या फेऱ्यांवर तक्रार न करता ओढत राहतं. फक्त पाण्याचा पंप नाही, गरम पाणी वर जातं, थंड खाली येतं, एवढ्यावर रेडिएटर चालतो. उन्हाळ्यात चढ लांबला तर थांबावं लागतं.

वळणावर सावध. मागचे पाव-पाटे असे बसवलेत की गाडी कलली की मागचा अ‍ॅक्सलही किंचित वळतो. तुम्ही स्टीअरिंग जेवढं वळवलं त्यापेक्षा गाडी जास्त वळते. पहिल्यांदा घाम फुटतो. घाबरून झटक्याने परत वळवाल तर गाडी उलट्या बाजूला झुलेल. हात हलका ठेवा.

आता ब्रेक. चमीचे केबलवर चालणारे, पायाने मागचे, हाताने पुढचे. दोन्ही एकदम लावायची सवय करावी लागते, आणि तरीही पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवावं लागतं. ही गाडी आजच्या रस्त्यावर धोकादायक आहे का? आहे, तुम्ही तिला आजच्या गाडीसारखी चालवली तर. १९३०च्या दशकातल्या माणसासारखी चालवली तर नाही.

मग मिनीत बसा. पहिला धक्का स्टीअरिंगचा. गाडी बोट धरून चालणाऱ्या लहान मुलासारखी वळते. चाकं चारही कोपऱ्यांत आहेत, कलणं जवळजवळ नाही. वेगात वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की नाक आपोआप आत येतं, हे माहीत नसेल तर दचकाल, माहीत असेल तर मजा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तिथे डबल क्लचची सवय पुन्हा कामी येते. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो लवकर झिजतो, तो खरडतोय का ते ऐका. गिअरबॉक्सचा ‘ऊंऊं’ असा सूर मात्र असतोच, त्याची भीती नको.

रबराचे शंकू जुने झाले की गाडी बसकी होते आणि खड्ड्यात हाडं मोजते. आमच्या बाजूच्या एका खड्ड्यात माझ्या मिनीने मला मणके किती असतात ते शिकवलं, शंकू बदलल्यावर शिकवणं थांबलं. ब्रेक चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक. आजच्या मानाने कमजोर, सेव्हननंतर एकदम राजेशाही.

परत आल्यावर वहीत ‘कोणती चांगली’ लिहू नका. लिहा : कोणती आपल्या प्रश्नाचं उत्तर जास्त नीट देते. माझ्या वहीत, खरं सांगू, सेव्हन पुढे आहे. फटफटीवरच्या कुटुंबाला तिने छप्पर दिलं. मिनीने बबल कार हाकलल्या खऱ्या, पण पहिल्या गाड्यांत पावसात जमिनीतून पाणी आत यायचं, आणि डिस्ट्रिब्युटर जाळीच्या अगदी मागे असल्यामुळे भर पावसात गाडी बंद पडायची. मालक त्यावर रबरी हातमोजा चढवायचे. इंग्लंडसाठी बनवलेली गाडी, आणि पाऊस विसरली!

पायरी ७ : कागद, पेट्रोल, सुटे भाग

हे पटकन सांगतो. ब्रिटनमध्ये गाडी चाळीस वर्षांपेक्षा जुनी झाली की ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंदवता येते, रोड टॅक्स शून्य होतो आणि मोठे बदल केलेले नसतील तर दरवर्षीच्या एमओटी तपासणीतूनही सूट मिळते. टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी नोंद करावी लागते, ते विसरू नका. लंडनच्या यूलेझमध्ये आणि बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या भागांत, हिस्टॉरिक गाड्यांना पैसे पडत नाहीत. एमओटी नसली तरी आम्ही दोन्ही गाड्या दरवर्षी तपासून घेतो, ब्रेकचा विमा कुठे मिळत नाही. भारतात न्यायचा विचार असेल तर तिथे पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. आयातीचे नियम मात्र घ्यायच्या आधी कस्टम एजंटाला विचारा, घेतल्यावर नव्हे.

पेट्रोल दोन्हींना ई५ (जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉलचं) घाला. ई१०मधला जास्तीचा इथेनॉल जुन्या रबराला खातो. सेव्हनच्या सिलिंडरमधल्या दाबाचं प्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) पाचच्या आसपास, ती शिसं घातलेलं पेट्रोल सर्रास होण्याआधीची, तिला आजचं पेट्रोल सहज चालतं. मिनीला मात्र कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या आहेत का विचारा, नसतील तर पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह घालावं लागेल. आणि मोबाइलचा चार्जर लावण्याआधी : सेव्हन सहा व्होल्टची, आणि १९६०च्या मिनीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. आपल्या सवयीच्या उलट.

सुटे भाग दोन्हींचे मिळतात, ही या जोडीची खरी मेहेरबानी. मिनीची अख्खी पत्र्याची पेटी नवी मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज बनवते. सेव्हनचं सामान क्लबांतून आणि छोट्या कार्यशाळांतून येतं, आणि तिथले म्हातारे सुट्या भागाबरोबर दोन तासांचं व्याख्यान फुकट देतात. ऐका. क्रँकशाफ्टबद्दल मला जे कळलंय ते तिथेच कळलं.

पायरी ८ : पुठ्ठे

मालकाची परवानगी असेल तर दोन्ही गाड्यांखाली रात्रभर एकेक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी बाहेर काढून उजेडात धरा. सेव्हनच्या पुठ्ठ्यावर मध्यभागी, क्लचच्या खाली, एक काळा ठिपका असणारच. रुपयाच्या नाण्याएवढा असेल तर चालेल. बशीएवढा असेल तर ऑइल क्लचवर जातंय, क्लच घसरेल, आणि इंजिन बाहेर काढावं लागेल. मिनीच्या पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला ठिपके दोन-तीन असतील, त्यांचा रंग बघा : काळे असतील तर ऑइल, हिरवट असतील तर रेडिएटर, आणि मागच्या चाकाजवळ पाण्यासारखा, बोटाला बुळबुळीत ओला डाग दिसला तर ब्रेकचं तेल. तो असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नका, ढकलत गॅरेजमध्ये न्या.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा दोन्ही पुठ्ठे कोरडे निघाले. मी आनंदाने म्हाताऱ्यांना दाखवायला गेलो. त्यांनी पुठ्ठे बघितले, मग आधी चमीची डिपस्टिक काढून बघितली, आणि ऑइलचा डबा आणायला आत गेले.